पुन्हा कॉलेजला जाताय? पहिला बायोलॉजीचा कोर्स जपून निवडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कॅलिफोर्नियात राहते, मूळची तासगावची. मुलांचे डबे भरता भरता आपला पेपर रोज मोबाइलवर वाचते. तुमच्या शिक्षण पुरवणीत अमेरिकेतल्या शिक्षणाबद्दल बरंच काही येतं, पण ते बहुतेक एमएसचं, जीआरईचं, बाविशीतल्या पोरापोरींचं. इथे आपल्या कितीतरी बायका आहेत (आणि काही पुरुषही) ज्या पस्तिशी-चाळिशीत, पोरं शाळेत जायला लागल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होता येतं) नाव घालतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी नर्सिंग, लॅब, फार्मसी, बायोटेक असं काहीतरी डोक्यात ठेवून बायोलॉजीने सुरुवात करतात. त्यांच्यासाठी मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. मी स्वतः त्याच वाटेने गेले आणि पहिल्याच पावलाला एक वर्ष घालवून बसले, म्हणून हे पत्र. लांब झालंय, पण शक्य असेल तर कापू नका.

माझी गोष्ट थोडक्यात सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं आणि एस.वाय. अर्धवट सुटलं. मग पुणं, मग २०११ मध्ये इथे एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामागून बायकोला मिळतो त्या व्हिसावर. खूप जणींना हे माहीतच नसतं की एच-४ वर असताना शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही, पार्ट टाइम काय फुल टाइम काय, सरळ अ‍ॅडमिशन घेता येते. आणि कॅलिफोर्नियात एक वर्षाहून जास्त राहून इथलेच रहिवासी आहोत हे कागदपत्रांनी दाखवता आलं तर एच-४ वाल्यांनाही रहिवाशांची फी लागू शकते, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला (युनिट म्हणजे कोर्स केवढा ते मोजायचं माप) ४६ डॉलर. चार युनिटांचा बायोलॉजीचा कोर्स १८४ डॉलरला पडतो, वर पुस्तक आणि पार्किंग. बाहेरच्यांना हाच कोर्स याच्या कितीतरी पट महाग पडतो. मला हे कळायला अकरा वर्षं लागली. असो.

तर २०२२ च्या फॉलला, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास सुरू होणाऱ्या टर्मला, मी नाव घातलं. तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देत होता, आधी सोपा घे. इतकी वर्षं पुस्तकाला हात नाही, आधी गाडी रुळावर येऊ दे, ए ग्रेड पडू दे, मग बघू अवघड. हे सगळे माझ्या भल्याचंच सांगत होते आणि ऐकायलाही पटत होतं. कॉलेजच्या काउन्सेलरने विचारलं, तुमचं गोल काय आहे, मी म्हटलं अजून नक्की नाही, आधी बायोलॉजी घेऊन बघते जमतंय का. त्यावर त्यांनी जो कोर्स सुचवला तो त्या उत्तराला अगदी बरोबर होता, म्हणजे नॉन-मेजर्स बायोलॉजी. माझं उत्तरच चुकलं होतं.

आता हे मेजर्स आणि नॉन-मेजर्स प्रकरण नीट सांगते कारण सगळं घोडं इथेच अडतं. मेजर म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय. आपल्याकडे बायोलॉजी म्हणजे बायोलॉजी, अकरावीची, बारावीची, नाहीतर एफ.वाय.ची. इथे कॉलेजच्या पहिल्या पायरीवर बायोलॉजीचे दोन-तीन वेगवेगळे दरवाजे असतात आणि बाहेरून सगळ्यांवर पाटी जवळजवळ सारखीच, इंट्रोडक्टरी बायोलॉजी, जनरल बायोलॉजी, प्रिन्सिपल्स ऑफ बायोलॉजी अशी. एक दरवाजा इतिहास, अकाउंट्स, चित्रकला शिकणाऱ्यांसाठी, ज्यांना डिग्रीसाठी सायन्सचा एक लॅबवाला कोर्स करावाच लागतो. तो एका टर्ममध्ये संपतो आणि पुढे कुठल्याच बायोलॉजीच्या डिग्रीत जात नाही. दुसरा दरवाजा मेजर्सचा, म्हणजे ज्यांना बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, पुढे मेडिकल, फार्मसी असलं काही करायचंय त्यांचा. तो एकटा कोर्स नसतो, दोन किंवा तीन कोर्सची सिरीज असते, पेशी आणि जीन्स एकात, प्राणी-वनस्पती एकात, उत्क्रांती आणि इकॉलॉजी एकात, साधारण अशी वाटणी. तिसरा दरवाजा अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा, नर्सिंग आणि तसल्या कोर्सेसचा. पहिल्यातून आत गेलात तर दुसऱ्यात जायला परत बाहेर येऊन पहिल्यापासून लाइन लावावी लागते, आतून जायला रस्ता नाही.

आणि यात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की मेजर्स बायोलॉजी घेतली असती तर जनरल एज्युकेशनमधली (मुख्य विषय कुठलाही असो, सगळ्यांना करावेच लागतात त्या कोर्समधली) सायन्सची अटही तिच्यातच सुटली असती. एकाच कोर्सने दोन कामं. नॉन-मेजर्स घेतली की फक्त एकच होतं. म्हणजे ज्याला 'सेफ' म्हणून घेतलं ते सेफ नव्हतंच. शिवाय कित्येक ठिकाणी असा नियम असतो की मेजर्सचा कोर्स झाल्यावर नॉन-मेजर्सचं क्रेडिट धरत नाहीत, त्यामुळे त्या युनिटांचा भरवसाही धरू नये.

मला हे कळलं कधी, तर ए ग्रेड हातात आल्यावर. जानेवारीत एका रात्री मुलं झोपल्यावर मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला आणि वर्गातल्या एका मुलाने सांगितलेली असिस्ट डॉट ऑर्ग ही साइट बघितली. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांचा कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत कशाच्या बदल्यात धरतात याची ही अधिकृत जागा आहे, फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. तुमचं कॉलेज निवडा, जायची युनिव्हर्सिटी निवडा, मेजर निवडा, की पान उघडतं. पानाचे दोन भाग असतात. डावीकडे युनिव्हर्सिटीला काय हवंय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातलं काय चालेल. मी डावीकडे बायोलॉजीची ओळ शोधली. समोर उजवीकडे तीन कोर्स होते, एकाखाली एक, आणि मधे 'अँड' असा शब्द. म्हणजे तिन्ही हवेत, एक-दोन नाही चालणार. मी खाली खाली स्क्रोल करत माझा कोर्स शोधत राहिले. केमिस्ट्री आली, मॅथ्स आलं, फिजिक्स आलं, एके ठिकाणी 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' म्हणजे तुमच्या कॉलेजात याला पर्यायच नाही असं आलं. माझा कोर्स पानावर कुठेच नव्हता. परत वरून खाली बघितलं. नव्हताच. चहा गार झाला होता, तो तसाच सिंकमध्ये ओतला आणि झोपायला गेले, झोप काही लागली नाही.

कुणी म्हणेल एकच कोर्स वाया गेला, त्यात एवढं काय, तीन महिनेच तर गेले. तसं नसतं, इथे साखळी असते. मेजर्स बायोलॉजीच्या पहिल्या कोर्सला आमच्याकडे जनरल केमिस्ट्रीची अट आहे, आणि बऱ्याच कॉलेजांत असते. जनरल केमिस्ट्रीला अट काय, तर इंट्रो केमिस्ट्री झालेली हवी नाहीतर प्लेसमेंट, म्हणजे तेवढं आधीच येतं हे दाखवलेलं, हवी, आणि गणित ठराविक पातळीपर्यंत हवं. आणि आमच्याकडे बायोलॉजीच्या सिरीजचा पहिला कोर्स फॉललाच सुरू होतो. आता हिशेब करा. पहिल्या फॉलला मी इंट्रो केमिस्ट्री घेतली असती तर विंटरला, म्हणजे जानेवारीच्या टर्मला, जनरल केमिस्ट्री सुरू झाली असती आणि २०२३ च्या फॉलला बायोलॉजीची सिरीज. पण मला जानेवारीत कळलं, तोवर विंटरचं रजिस्ट्रेशन होऊन गेलेलं, इंट्रो केमिस्ट्री स्प्रिंगला, त्याच्या पुढच्या टर्मला, मिळाली, जनरल केमिस्ट्री फॉलला, आणि बायोलॉजीची गाडी थेट २०२४ च्या फॉलला. तीन महिन्यांच्या कोर्सने बारा महिने नेले. विशीतल्या पोराला वर्षाचं काही वाटत नसेल. आमच्यासारख्यांच्या एका वर्षात मोठीची बारावी, सासऱ्यांचं ऑपरेशन, नवऱ्याची नोकरी, ग्रीन कार्डची रांग, सगळं बसलेलं असतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की बायोलॉजी शेवटाकडून उलटी निवडायची. कुठे पोचायचंय ते आधी, मग त्या जागी जायला कुठली बायोलॉजी लागते ते, मग तिच्या आधी काय लागतं ते, असं मागे मागे येत येत आजच्या फॉर्मपर्यंत यायचं. आणि शेवट अजून ठरलेला नसेल, जसा माझा नव्हता, तरी दोन-तीन शक्यता कागदावर लिहायच्या आणि ज्या कोर्सने जास्तीत जास्त दरवाजे उघडे राहतील तो घ्यायचा. सायन्सच्या बाबतीत ते बहुतेक वेळा केमिस्ट्री आणि गणित असतं, बायोलॉजी नाहीच! हे ऐकून लोक चकित होतात, मीही झाले होते. बायोलॉजी शिकायला आलेल्या बाईने पहिल्या टर्मला बायोलॉजी न घेता केमिस्ट्री घ्यावी हे डोक्यात बसत नाही, पण युनिव्हर्सिटीत बायोलॉजी मेजरला ट्रान्सफर होणाऱ्याकडून वर्षभराची जनरल केमिस्ट्री, कॅल्क्युलस आणि बऱ्याच ठिकाणी ऑरगॅनिक केमिस्ट्रीही आधीच झालेली अपेक्षित असते. सगळ्यात लांब शेपूट केमिस्ट्रीचंच, म्हणून आधी ते धरायचं.

आता दुसरी बाजू, कारण माझं वाचून सगळ्यांनीच मेजर्स बायोलॉजीकडे धाव घेतली तर तेही चूकच होईल. माझी एक मैत्रीण आहे, मूळची नगरकडची, तिला पहिल्यापासून नर्सच व्हायचं होतं. नर्सिंगला लागतं काय, तर अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी, तिन्ही लॅबसकट. तिला मेजर्सच्या सिरीजची काही गरज नव्हती, आणि बऱ्याच कॉलेजांत अ‍ॅनाटॉमीच्या आधी जो बायोलॉजीचा एखादा कोर्स मागतात तो एका टर्मचा साधा कोर्सही चालतो. तिच्यासाठी तोच बरोबर. पण ती वेगळ्याच ठिकाणी अडकली. तिने अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी फार आधी उरकून घेतली, मग धाकट्याचा जन्म, मग घर बदललं, आणि नर्सिंगला अर्ज करायच्या वेळी कळलं की तिला हव्या त्या प्रोग्रॅममध्ये हे कोर्स ठराविक वर्षांच्या आतलेच धरतात. काही ठिकाणी पाच वर्षं, काही ठिकाणी सात, काही ठिकाणी अशी अटच नाही, प्रत्येकाचं वेगळं. तिला अ‍ॅनाटॉमी परत करावी लागली, सगळी हाडं परत पाठ. तेव्हा थांबून थांबून शिकणाऱ्यांनी ही मुदत आधीच विचारून ठेवा आणि मुदतवाले कोर्स अर्जाच्या जवळ ठेवा. आणि ऑनलाइन लॅबचंही विचारा, घरी किट येतं, सोय चांगली वाटते, पण पुढचे काही प्रोग्रॅम ती लॅब मानत नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या मार्कांचं काय, हा प्रश्न मला हळदीकुंकवाला हमखास येतो. बारावीची बायोलॉजी इथे हायस्कूलमध्ये धरतात, तिला कॉलेजचं क्रेडिट नाही, मार्क कितीही असोत. माझं एफ.वाय. पूर्ण होतं, बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री सगळं प्रॅक्टिकलसकट, म्हणून मला वाटलं होतं की निदान एक कोर्स तरी सुटेल. त्यासाठी मार्कशीटचं कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागतं, कुठल्या एजन्सीचं चालेल याची यादी कॉलेज देतं. मग कॉलेजने सिलॅबस मागितला. वीस वर्षांपूर्वीचा! माझा भाऊ त्यासाठी तीन वेळा जुन्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आला, शेवटी एका जुन्या क्लार्क काकांनी कपाटातून फाइल काढून झेरॉक्सवर शिक्का मारून दिला, त्यांचे उपकार आहेत. एवढं करून हातात पडलं ते नुसतं इलेक्टिव्ह क्रेडिट, म्हणजे युनिटं धरली पण बायोलॉजीच्या सिरीजमधला एकही कोर्स सुटला नाही, कारण विषयांची वाटणी जुळत नाही. आपल्याकडे बॉटनी-झूलॉजी अशी फाळणी, इथे पेशी, शरीर, पर्यावरण अशी. तेव्हा करून बघा जरूर, पण त्याच्या भरवशावर टर्म अडवून ठेवू नका. इव्हॅल्युएशन चालू असताना इकडे केमिस्ट्री चालू ठेवा. आणि ज्यांची भारतातली डिग्री पूर्ण आहे त्यांनी आणखी एक विचारून घ्या, दुसरी बॅचलर्स करायला इथल्या बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिट्या सहसा घेत नाहीत, त्यांच्यासाठी रस्ता वेगळा असू शकतो, नुसते लागणारे कोर्स करून पुढच्या प्रोग्रॅमला अर्ज, असा.

सिरीज अर्धी एका कॉलेजात आणि अर्धी दुसऱ्या कॉलेजात करायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. हे मी खास एच-१बी वाल्यांच्या घरांसाठी लिहितेय, कारण आपली घरं नोकरीमागे हलतात. प्रत्येक ठिकाणी सिरीजचे तुकडे वेगवेगळ्या जागी पाडलेले असतात. कॅलिफोर्नियातल्या सरकारी युनिव्हर्सिट्याच बघा, बर्कलीला बायोलॉजी १ए आणि १बी असे दोन भाग, डेव्हिसला बीआयएस २ए, २बी, २सी असे तीन, यूसीएलएला लाइफ सायन्सेस ७ए, ७बी, ७सी. डेव्हिसला पेशी आणि जीन्स पहिल्यांदा आणि इकॉलॉजी-उत्क्रांती दुसऱ्यांदा, बर्कलीला इकॉलॉजी-उत्क्रांती वनस्पतींबरोबर दुसऱ्या भागात. कम्युनिटी कॉलेजांचंही तसंच, त्यात काही सेमिस्टरवाली (वर्षाला दोन मोठ्या टर्म) काही क्वार्टरवाली (वर्षाला तीन छोट्या), क्वार्टरचं एक युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश. तीनातले दोन करून मधेच कॉलेज बदललं तर तिथला पहिला कोर्स तुमचं थोडं परत शिकवतो, थोडं वगळतो, आणि युनिव्हर्सिटी म्हणते सिरीज पूर्ण दाखवा. गाव बदलणार हे सहा महिने आधी दिसत असेल तर त्या वेळात केमिस्ट्री, गणित, इंग्लिश उरका, बायोलॉजीची सिरीज नव्या गावात सुरू करा.

दुसऱ्या राज्यातल्या वाचकांना असिस्टचा उपयोग नाही, पण तिथलं तिथलं असतं. न्यूजर्सीत एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे. टेक्सासचं मला फार आवडलं, तिथे कॉमन नंबर आहेत, बायोलॉजी १४०६ आणि १४०७ म्हणजे सायन्स मेजर्ससाठी, १४०८ आणि १४०९ म्हणजे इतरांसाठी, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी २४०१ आणि २४०२, आणि नंबरातला दुसरा आकडा म्हणजे किती क्रेडिट अवर्स. इतकं स्वच्छ सगळीकडे असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता भीतीबद्दल. कारण खरं सांगायचं तर 'सोपा घे' हे लोक म्हणतात, पण ते पटतं आपल्या आतल्या भीतीमुळे. माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम. मला प्रकाशसंश्लेषण, पेशीभित्तिका, तंतुकणिका, परासरण हे सगळं येत होतं, एफ.वाय.ला इंग्रजी शब्द शिकले पण ते पाठांतर होतं, अर्थ आत मराठीतच बसलेला. वाटायचं, १९ वर्षांच्या पोरांमध्ये आपण मेजर्सच्या वर्गात कसं उभं राहणार.

मेजर्सच्या पहिल्या कोर्सची एक लॅब मला कायम लक्षात राहील. आमच्या चौघांच्या टेबलावर मधोमध एक लाल कांदा ठेवलेला, सॅलडसाठी असतो तसला. त्याचा पापुद्रा काढून स्लाइडवर ठेवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि मग मिठाच्या पाण्याचा थेंब कव्हरस्लिपच्या कडेने सोडायचा. बाकीची पोरं पापुद्रा काढताना जाड तुकडाच काढत होती, पेशींचे थरावर थर, काही दिसेना. माझी बोटं इतकी वर्षं कांदा सोलतायत, पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पातळ पापुद्रा एका ओढीत आला. स्लाइड लावली, फोकस केला, आणि त्या विटांसारख्या जांभळ्या पेशी रांगेत दिसल्या. तासगावच्या शाळेत नववीला असंच एक मायक्रोस्कोप पन्नास जणांत होतं, एकेकाला दहा सेकंद बघायला मिळायचं, सर मागून म्हणायचे चला पुढे. इथे माझ्या एकटीसमोर एक, हवा तेवढा वेळ. मिठाचं पाणी सोडलं आणि बघता बघता आतला जांभळा भाग भिंतीपासून सुटून आकसायला लागला, एका पेशीत, मग शेजारच्या, मग पूर्ण रांगेत. शेजारच्या मुलीने विचारलं हे असं का होतंय, आणि मी तिला इंग्रजीत समजावलं, पाणी बाहेर चाललंय, बाहेर मीठ जास्त आहे म्हणून, लोणच्यात कैरीला पाणी सुटतं तसंच. कैरीच्या लोणच्याचं तिला नाही कळलं, काकडीचं कळलं. त्या दिवशी परासरण आणि ऑस्मॉसिस हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकमेकांच्या शेजारी जाऊन बसले ते कायमचे.

त्यानंतर मी एक वही केली, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे शाळेतला मराठी शब्द, आणि ज्याला मराठी शब्द आठवत नाही त्याला माझ्या भाषेत एक ओळ. तंतुकणिका म्हटलं की मायटोकॉन्ड्रिया मला आपोआप समजतो, दोरा आणि कण, कसा दिसतो तेच नावात आहे. मराठी मीडियमवाल्यांनी याची लाज बाळगू नये, उलट आपल्याकडे अर्थासकट आलेले शब्द आहेत, इथल्या पोरांना ग्रीक-लॅटिन पाठच करावं लागतं.

वेळेचं मात्र खरंखरं सांगायला हवं. मेजर्सचा लॅबवाला कोर्स म्हणजे आठवड्याला लेक्चर आणि वर तीन-तीन तासांच्या दोन लॅब, असं आमच्याकडे होतं, शिवाय घरचा अभ्यास आणि लॅब रिपोर्ट. दोन लॅबवाले कोर्स पहिल्याच टर्मला एकदम घेऊ नका, एक लॅब सायन्स आणि एक गणित किंवा इंग्लिश एवढं पुरे. सेक्शन निवडताना लॅबची वेळ शाळा सुटायच्या वेळेवर येत नाही ना बघा, लेक्चर चुकलं तर चालवून घेता येतं पण लॅब चुकवून नाही चालत. ड्रॉप करायच्या तारखा पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा, एका तारखेपर्यंत पैसे परत मिळतात, दुसरीपर्यंत रेकॉर्डवर काहीच उमटत नाही, तिसरीपर्यंत डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद. एखादा डब्ल्यू म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, पण डी किंवा एफ घेऊन बसणं वाईट. वर्ग भरलेला असेल तरी वेटलिस्टला नाव टाका आणि पहिल्या दिवशी जाऊन बसा, माझ्या केमिस्ट्रीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात चार जागा रिकाम्या झाल्या आणि त्यातली एक मला मिळाली. पुस्तकाचे पैसे वाचवायचे तर राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सची पुस्तकं ऑनलाइन फुकट आहेत, तिथेही मेजर्सचं वेगळं आणि नॉन-मेजर्सचं वेगळं. दोन्ही उघडून पेशीचा धडा वाचून बघा, आपल्याला कुठलं झेपतं आणि कुठलं आवडतं हे नाव घालण्याआधी एका संध्याकाळीत कळेल.

आणि काउन्सेलरकडे जाताना 'मी कुठला बायोलॉजीचा कोर्स घेऊ' असं विचारू नका. 'मला अमुक युनिव्हर्सिटीत अमुक मेजरला, अमुक साली ट्रान्सफर व्हायचंय, त्याच्या पानावर हे तीन कोर्स आहेत, यातला पहिला मी कधी घेऊ शकते आणि त्याच्या आधी काय करू' असं विचारा, पान प्रिंट करून हातात घेऊन जा. मी दुसऱ्यांदा अशी गेले तेव्हा त्याच काउन्सेलरने अर्ध्या तासात तीन वर्षांचा प्लॅन आखून दिला आणि तो अगदी शेवटपर्यंत टिकला. गेल्या फॉलला, म्हणजे २०२५ ला, मी इथल्याच एका सरकारी युनिव्हर्सिटीत बायोलॉजीला ज्युनियर म्हणून, म्हणजे डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला, ट्रान्सफर झाले. आता वय ४२.

तिकडे महाराष्ट्रात हे वाचणाऱ्या आई-बाबांना, सासू-सासऱ्यांनाही थोडं सांगायचंय. लेक किंवा सून फोनवर म्हणाली की मी कॉलेजला जातेय, तर 'आता या वयात कशाला' म्हणू नका. ती आधीच रात्री अकरानंतर हेच स्वतःला विचारत असते. माझ्या सासूबाईंनी, त्या फक्त सातवी शिकल्यात, मला एवढंच विचारलं होतं की परीक्षा कधी आहे, आणि त्या दिवशी सकाळी आठवणीने फोन केला होता.

संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. शिक्षण पुरवणीत एका रविवारी अर्धं पान या विषयाला द्या, आणि त्यात असिस्टचं एक पान चित्रासकट छापा, डावीकडे काय, उजवीकडे काय, 'अँड' कुठे लिहिलेलं असतं, हे बाण काढून दाखवा. फॉलचं रजिस्ट्रेशन बऱ्याच कॉलेजांत उन्हाळ्याच्या आसपासच उघडतं, त्याच्या आधी छापलं तर उपयोग होईल. माझं स्वतःचं जुनं प्रिंटआउट अजून आहे, पेनाने खुणा केलेलं, त्याचा फोटो काढून पाठवायला मी तयार आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
सॅन होजे, कॅलिफोर्निया (मूळ गाव तासगाव, जि. सांगली)